भिंतीच्या बुडाशी

थोरल्याने नव्या फरशीवर अनवाणी चालून पाहिलं. ठणठणीत कोरडी. बाहेर सकाळपासून पाऊस कोसळत होता, पण गॅरेजमध्ये थेंब नव्हता.

एरवी अशा पावसात इथे घोटाभर पाणी साचायचं. वडिलांनी दोघा मुलांच्या गाड्यांसाठी एकच लांब गॅरेज बांधलं होतं, रस्त्यापेक्षा खाली. उतार सगळा थोरल्याच्या बाजूला, कारण गटाराला जाणारी मोरी त्याच कोपऱ्यात. वडील गेल्यावर मधे भिंत आली. पाण्यासाठी भिंतीच्या बुडाशी तेवढं एक भोक ठेवलं. धाकट्याकडचं पाणी थोरल्याकडून जायचं, आणि मोरी तुंबली की थोरल्याकडेच साचायचं. फरशा उखडल्या, भिंतींना ओल चढली. शेवटी त्याने गवंडी बोलावला. मोरी साफ करून घेतली, जमीन वीतभर उचलली आणि ते भोक सिमेंटने बुजवून टाकलं.

"मग धाकट्याकडचं पाणी जाणार कुठं?" बायकोने विचारलं होतं.

"त्याचं तो बघेल. जन्मभर त्याचा गाळ मीच उपसायचा का?"

धाकट्याला त्याने सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणता राहून गेलं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. काल धाकट्यानेच कुंपणापलीकडून हाक मारली. "दादा, मोरी तुंबलीय वाटतं. माझ्याकडे पाणी थांबलंय."

"बघतो," म्हणून थोरला घरात निघून गेला.

आता पलीकडे पंपाची घरघर चालली होती. उपसतोय वाटतं. कळू दे जरा त्यालाही, असं त्याच्या मनात आलं. मग घरघर थांबली. थोड्या वेळाने धाकट्याच्या बायकोची किंकाळी ऐकू आली.

तो तसाच पावसात धावला. धाकटा गुडघाभर पाण्यात पालथा पडला होता, पंपाची वायर मुठीत. त्याची बायको पाण्यात उतरणार, तेवढ्यात थोरल्याने तिला दंडाला धरून मागे खेचलं. मेन स्विच पाडला. भावाला ओढून पायरीवर घेतलं आणि त्याची छाती दाबत राहिला. हात भरून आले, तरी थांबला नाही. शेवटी कुणीतरी बोलावून आणलेल्या डॉक्टरांनीच त्याचे हात बाजूला केले.

शेजारीपाजारी जमले. ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. थोरला तिच्यासमोर उभा राहिला. सगळं सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"मी नको नको म्हणत होते, दादा," तीच बोलली. "ओल्या वायरीला हात लावू नका म्हटलं. ऐकलं नाही. म्हणाले, लवकर आटपू दे. आपल्याकडे एवढं साचलंय म्हणजे दादाकडे कंबरभर असेल, पंप तिकडे न्यायचाय."