अकरा इंच

वहिनी गडावर पोचल्या नाहीत. हे एकदा सांगून टाकलं. आता ते कुणी ऐकलंच नाही असं धरून चालायचं, कारण एकशे चौऱ्याहत्तराव्या पायरीपर्यंत साहेबही तसंच धरून चालले होते.

साहेब म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर, वहिनी म्हणजे त्यांची बायको. ज्येष्ठांच्या सहलीत दोघांना याच नावांनी हाक मारत. "एकदा कुठल्यातरी गडावरून खाली बघायचंय," असं वहिनी चाळीस वर्षं म्हणत होत्या आणि साहेब चाळीस वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, यंदा जमलं तर जमलं, पुढच्या वर्षी मला विचारूसुद्धा नका. तेव्हा कुठे साहेबांनी सहलीत दोन जागा घेतल्या.

दहाव्या पायरीवर साहेबांनी खिशातून टेप काढली.

"अकरा इंच!" ते कडाडले. "जिन्याची पायरी सात इंच उंच असते. अकराची झाली की तो जिना नाही, हप्त्याहप्त्याने चढायची भिंत आहे!"

"जुन्या लोकांनी मुद्दाम केल्या असतील," मागून येणारा निवृत्त कंडक्टर म्हणाला. "शत्रू दमावा म्हणून."

"सिमेंट बघा ना सांध्यात! खात्याचं काम आहे हे. आणि यांचा शत्रू कोण? ही? आमच्या वेळी अशी कामं नव्हती होत. माझं काम क्रमांक एकेचाळीस..."

"एक तृतीयांश दगड वाचवला," कंडक्टरने वाक्य पुरं केलं. बसमध्ये त्याने ते दोनदा ऐकलं होतं. त्याबद्दलचं प्रशस्तिपत्र साहेबांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, हेही.

वहिनी दोन्ही हातांनी कठडा धरायच्या, एक पाय वर टाकायच्या आणि दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवायच्या. दर दहा पायऱ्यांनी कंडक्टर ओरडायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" शंभराव्या पायरीपर्यंत त्या हसल्या. नंतर त्याने ओरडणं बंद केलं.

एकशे चौऱ्याहत्तराव्या पायरीला एक सपाट टप्पा होता. तिथे पत्र्याच्या सावलीत पहारेकरी बसला होता. वहिनी भिंतीला टेकून कट्ट्यावर बसल्या.

"अजून किती?"

"छत्तीस," पहारेकरी म्हणाला.

वरच्या दरवाज्यातून सहलीतली मंडळी हात हलवत होती. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे.

"राहू द्या. हा आता उचलतच नाही."

साहेब पहारेकऱ्याकडे वळले. "तक्रारवही आणा."

पहारेकरी नोकरीला लागल्यापासून ती वही कुणी मागितली नव्हती. तिच्यावर तो जेवणाचा डबा ठेवायचा. त्याने ती बाहीने पुसून आदराने दिली.

साहेब लिहीत होते आणि बोलत होते. वहीत 'सदर इसम' लिहायचे, तोंडाने वेगळंच म्हणायचे. "त्या गाढवाला आई नव्हती का? बायको नव्हती? की दोघींना पाठुंगळी घेऊन फिरायचा?" 'मागणी' या रकान्यात त्यांनी 'सदर इसमास तात्काळ निलंबित करावे' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली. मग विचारलं, "जबाबदार अधिकारी कोण? रकाना आहे इथे."

"पाटी आहे ना साहेब. वहिनींच्या पाठीमागे."

वहिनी वळल्या. पाटी हाताएवढीच होती, पण त्यांना वाचायला फार वेळ लागला.

"अहो, जाऊ दे ना. नका लिहू."

"का नको? सरक बघू."

"नाव नाहीये हो. नुसता नंबर आहे." त्या सरकल्या नाहीत. "रोज फ्रेम पुसते मी. तोच आहे."

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या फाइलवर डोंगराचं नाव नव्हतं. खात्यात जागांना क्रमांक असत. कागदावर एक उंची होती आणि सात-सात इंचांच्या तीनशे तीस पायऱ्या. तेव्हा चौतीस वर्षांच्या असलेल्या साहेबांनी सातचे अकरा केले, दोनशे दहा पायऱ्यांवर सही केली आणि ऑफिसच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत चहाला गेले.

कंडक्टर दरीकडे बघत राहिला.

"तुम्ही जाऊन या," वहिनी म्हणाल्या. "आणि मला सांगा, कसं दिसतं ते."

साहेब गेले नाहीत. जबाबदार अधिकारी या रकान्यात त्यांनी 'तक्रारदार स्वतः' असं लिहिलं. निवृत्त माणसाला निलंबित करता येत नाही, हा नियम त्यांना पाठ होता, म्हणून ती ओळ खोडली. मग चाळीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात त्यांनी मागणी लिहिली:

'सबब, काम क्रमांक एकेचाळीसच्या आराखड्यावर सही झाली त्या दिवशीचे संबंधित अधिकाऱ्याचे वय पूर्वलक्षी प्रभावाने चौतीसऐवजी चौऱ्याहत्तर करण्यात यावे, ही नम्र विनंती. बाब तातडीची आहे. अर्जदाराची पत्नी छत्तीस पायऱ्या खाली बसून आहे.'