खुर्ची मावेल अशी गाडी

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी ड्वेन हाउगेनने नेहमीप्रमाणे आधी कॉफी केली, मग बाहेर जाऊन गाडीच्या काचेवरचं दंव खरवडलं. तो परत आला तेव्हा त्याची बायको मार्लिस टेबलाशी बसली होती. तिने कप अर्धाच भरला होता आणि दोन्ही हातांनी धरला होता. खिडकीतून सरोवरावर एक मालवाहू जहाज दिसत होतं.

"थंडी आहे का?" तिने विचारलं.

"याहून वाईट असते," ड्वेन म्हणाला.

येत्या शुक्रवारी त्यांची डिझेल गाडी कंपनीला परत द्यायची होती. धुराच्या चाचणीत कंपनीने केलेली लबाडी उघडकीला आली होती आणि आता ती त्या सगळ्या गाड्या स्वतःच विकत घेत होती. गाडी मार्लिसची; गिअरला ड्वेनने हात लावलेला तिला खपत नसे. पण गेला महिनाभर तोच ती चालवत होता. धुराची बातमी आल्यापासून तिला त्या गाडीची लाज वाटते, असं तो चर्चमध्ये सांगत असे.

नव्या गाडीला अट एकच होती. ड्वेनच्या आईची, आर्डिसची, चाकांची खुर्ची तिच्यात मावली पाहिजे. मार्चमध्ये आर्डिसचा खुबा मोडला, तेव्हा ही खुर्ची चर्चच्या तळघरातून आणली होती. तिथून ज्याला लागेल त्याने न्यावी आणि काम झालं की परत ठेवावी. आपलं घर मरेपर्यंत सोडणार नाही असं बजावणाऱ्या आर्डिसने गेल्या महिन्यात अचानक सांगितलं की हिवाळ्याआधी मी तुमच्याकडे राहायला येते. मात्र गाडीत पोत्यासारखी कोंबणार असाल, तर मला सरळ वृद्धाश्रमात टाका. तेव्हा आजची निवड चुकून चालणार नव्हती.

"किल्ली घे," ड्वेन म्हणाला. "तुझी गाडी. थोडेच दिवस राहिलेत."

"आई तुझी, खुर्ची तिची. तूच चालव."

गाड्यांच्या दुकानातला रँडी चर्चच्या गायकवृंदात ड्वेनच्या शेजारी उभा राहत असे. त्याने कॉफी विचारली. ड्वेन नको म्हणाला. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप," म्हणाला.

पहिल्या गाडीत सोबत आणलेली खुर्ची मागे ठेवताना चाकं काढावी लागली. रँडी मदतीला पुढे झाला.

"त्याला एकट्याला करू द्या," मार्लिस म्हणाली. "मी काही दर वेळी हाताशी नसणार."

"बघ, हमाल म्हणून आणलंय मला," ड्वेन रँडीला म्हणाला.

"हमाल बरे. ते कुरकुरत नाहीत."

दुसरी गाडी उंच होती. मार्लिस ड्वेनच्या खांद्याचा आधार घेऊन चढली आणि लगेच उतरली. तिसरी बसकी होती, मागचं दार रुंद. ड्वेनने खुर्ची मिटून एका दमात आत सरकवली. मार्लिसने त्याला ती पुन्हा काढून पुन्हा ठेवायला लावली. मग ती पुढच्या सीटवर, चालकाच्या शेजारी, पाठमोरी टेकली आणि एकेक पाय आत घेतला.

"आईला ही सीट मागे पडेल," ड्वेन म्हणाला. "ती तुझ्याहून वीतभर बुटकी आहे."

"पुढे घेता येते."

"मार्लिस, हिचं स्टिअरिंगसुद्धा गरम होतं," रँडी म्हणाला. "हिवाळ्यात तुमच्या हातांना बरं."

"ही सीट होते का गरम?"

"होते ना."

"मग झालं तर."

"पण गिअर आपोआप बदलतात हिचे," ड्वेन म्हणाला. "असली गाडी चालवणारे झोपाळू असतात, असं तूच म्हणायचीस."

"तू आहेसच झोपाळू," मार्लिस म्हणाली. "हीच घेऊ."

ड्वेनने सह्या केल्या आणि तो रँडीबरोबर बाहेर गाडीपाशी गेला. मार्लिसने आतल्या काचेपाशी उभं राहून सासूला फोन लावला.

"आई, गाडी ठरली. खुर्ची तो एकटा उचलतो. दोनदा पाहिलं मी."

"त्याला सांगितलंस का?"

"नाही अजून."

"अगं, मी आणखी किती दिवस लंगडून दाखवू? आणि येते येते म्हणू? मला माझं घर काय जड झालंय? डॉक्टर काय म्हणाले?"

"वसंतापर्यंत पाय साथ देतील म्हणाले. हातांचं सांगता येत नाही." मार्लिसने फोन दुसऱ्या हातात घेतला. "उद्या जेवायला येतोय ना, तेव्हा सांगते. तुम्ही तेवढ्या जवळ बसा."

बाहेर ड्वेन नव्या गाडीतली खुर्ची नीट सरकवून ठेवत होता.

"ही हिवाळाभर लागेल ना तुम्हाला?" रँडीने विचारलं. "तळघरात एवढी एकच आहे. पाद्रीबाई विचारत होत्या, आणखी कुणाला तरी हवी आहे."

"पुढच्या आठवड्यात घेऊन जा."

"अरे, आणि तुझी आई?"

"परवा मी न कळवता गेलो होतो तिच्याकडे. अंगणातली पानं ओढत होती, काठीशिवाय. तसाच मागे फिरलो." ड्वेनने दार हळूच लावलं आणि काचेआडून फोनवर बोलणाऱ्या बायकोकडे पाहिलं. "मार्लिसच्या उंचीची खुर्ची मी कालच आणून गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. तिने स्वतः सांगितलं, की मगच काढीन."