मोहाखालचं सोलार

त्या पत्राला सोमाजींनी उत्तर दिलं नव्हतं. ‘अंधारात एकट्यानं किती दिवस काढणार? आता सोबत राहावं, असं वाटतं. विचार करून उत्तर पाठवा.’ एवढंच होतं त्यात. सोमाजींनी कितीदा तरी लिहायला घेतलं आणि कागद फाडला. आयुष्यभर एटापल्लीच्या वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला स्वतःची चार वाक्यं धड वाटेनात. पत्र शब्दकोशात ठेवलं, ते तिथेच राहिलं.

नागपूरहून मुलाचे, प्रफुल्लचे, फोन मात्र येतच होते.

"बाबा, जरा वारा सुटला की तुमच्याकडची लाईन जाते. अंधारात पडलात तर कोण उचलेल? घर विकू. इकडे या."

"सोलार बसवतो," सोमाजी एकदा बोलून गेले.

"बसवा. पावसाळाभर लाईट टिकली तर घराचं नाव काढणार नाही. नाही टिकली, तर दिवाळीत सामान बांधायचं."

सोलारवाला नदीम वडशाहून आला. छतावर चढला आणि मान हलवत उतरला. शेजारच्या नीलाबाईंच्या मोहाच्या झाडाची सावली सोमाजींच्या स्लॅबवर दुपारभर पडत होती.

"चाचा, फांदी छाटा लागन. नाई त पॅनेल निस्ते शोभेचे."

कुंपणापलीकडे नीलाबाई उभ्याच होत्या. निवृत्त नर्स, बोलणंही सुईसारखंच.

"मोहाले हात लावून त पाह्य! तुह्याच दंडात इंजेक्शन देईन."

नदीम हसला. सोमाजी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मग तसंच बघत म्हणाले, "त्यांच्या छतावर बसवा. तिथे ऊन आहे."

"अन् मी मोहफुलं कुठी वाळवू?"

"माझ्या अंगणात."

"छताचं भाडं काय देसान, लायब्ररीवाले?"

"लाईट. तुमच्याही घरी."

नीलाबाईंनी आत जाऊन जिन्याची किल्ली आणून दिली.

"सोलार एकाचं, छत दुसऱ्याचं," पॅनेल वर चढवताना नदीम म्हणाला. "असं काम पयल्यांदाच करून राह्यलो."

बॅटरी सोमाजींच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी बसली. वायर कुंपणावरून गेली.

श्रावणात आलापल्लीच्या रस्त्यावर झाड पडलं आणि लाईन गेली. आभाळ भरलेलं. पहिली संध्याकाळ निघाली, दुसरीही. तिसऱ्या संध्याकाळी बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला; लाल झाला की अंधारच. सोमाजींनी पंखा बंद केला, पुस्तक मिटून खोलीतली लाईट घालवली आणि दिव्याकडे बघत बसले.

"ओ लायब्ररीवाले!" पलीकडून हाक आली. "वाचा खुशाल! मी पंखा, फ्रीज सब्बन बंद केलं!"

दिवा पिवळाच राहिला. लाल झाला नाही. सकाळी ऊन पडलं आणि दहाच्या सुमारास हिरवा झाला. लाईन त्याही दिवशी आली नाही. संध्याकाळी गल्लीतले लोक मोबाईल चार्ज करायला ओट्यावर जमले. सोमाजींनी प्रफुल्लला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गल्लीभर फिरवला. सगळीकडे काळोख, मधे दोन घरं लखलखीत.

"पावसाळा संपायची वाट कशाला? हरलो, बाबा," प्रफुल्ल हसला. "राहा तिथेच."

"राहतो," सोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की ओट्यावरचे लोक वळून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्दकोश उघडला. पत्राला उत्तर पत्रानंच द्यायचं, असं त्यांचं मत होतं. या वेळी कागद फाटला नाही. इस्त्रीचा सदरा घालून ते पोस्टात गेले आणि पाकीट पोस्टमन लालसूच्या हातात दिलं.

लालसूनं पत्ता वाचला. परत वाचला.

"काका, हे त तुमच्या शेजारच्या नीलाबाईचं घर हाय! तिकीट काऊन वाया घालवलं? कुंपणावरून द्याचं ना."

सोमाजींचे कान लाल झाले.

"त्यांचंही टपालानंच आलं होतं."