एकट्याला पिस्तूल मिळत नाही

“एकटेच आलात ना? मग भाड्याने पिस्तूल मिळणार नाही,” डार्लीन नेमबाजी रेंजच्या काउंटरमागून म्हणाली. “सोबत कुणाला तरी घेऊन या.”

“कुणाला आणू? बायकोला कबरीतून उठवू?” म्हातारा म्हणाला.

क्लेटन त्याच्या मागे उभा होता. सकाळी त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून तो बाहेर पिकअपमध्ये बसून होता. पुन्हा एकदा विचारून बघावं म्हणून आत आला, तर पुढे हा म्हातारा.

काचेवर पिस्तूल ठेवलेलं होतं. जुन्या लष्करी पिस्तुलाची परदेशी नक्कल, अस्सलच्या निम्म्या किमतीची. क्लेटनलाही तेच हवं होतं.

“विकत घ्यायच्या आधी चालवून तरी बघू दे, बाई,” म्हातारा म्हणाला. “इथे नेम धरायला चालेल आणि कमरेलाही लावता येईल, असं काहीतरी हवंय.”

“कमरेला कशाला, सर?” क्लेटनने विचारलं.

म्हातारा वळला. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

“एकटा राहतो, पोरा. घर मोठं आहे.”

क्लेटनला ते उत्तर आवडलं नाही. तो सूर त्याच्या ओळखीचा होता; हल्ली तो स्वतःही असाच बोलायचा.

“हा पण एकटाच दिसतोय,” म्हातारा डार्लीनला म्हणाला. “दोघं मिळून एक गिऱ्हाईक धर की.”

डार्लीनने क्लेटनकडे पाहिलं. “थांबशील यांच्यासोबत? शेवटपर्यंत?”

“थांबेन,” क्लेटन म्हणाला.

म्हाताऱ्याचं नाव ऑर्विल. कानावर संरक्षक चढवताना त्याने विचारलं, “यातलं तुला कळतं का?”

“लष्करात होतो.”

“मग गोळ्या मी मारतो, तू चुका काढ. चुका काढायला माझ्याकडे आता कुणी उरलं नाही.”

क्लेटन त्याच्या कोपराशी उभा राहिला. पिस्तूल भलतीकडे वळलं तर हात धरता येईल इतका जवळ.

ऑर्विलने मूठ धरली आणि डावा अंगठा पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, स्लाइडच्या, बरोबर मागे आणून ठेवला. क्लेटनने त्याचं मनगट पकडलं.

“तिथे नाही, सर. स्लाइड मागे आली की अंगठा फाडेल.”

“बरं. अंगठा वाचला. आता बाकीच्याकडे बघ.”

गोळ्यांचं पहिलं मॅगझिन सुरळीत गेलं. पिस्तूल सगळं पोलादी, म्हणून हाताला धक्का कमी. चापही स्वच्छ सुटत होता. नेम धरायची नळीवरची माशी मात्र फार बारीक होती. ऑर्विल डोळे बारीक करकरून बघायचा आणि गोळी कागदाच्या कडेला लागायची.

दुसऱ्या मॅगझिनमध्ये पोकळ टोकाची काडतुसं भरली. तिसरंच अडकलं. क्लेटन पुढे होणार तेवढ्यात ऑर्विलने मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली आणि काडतूस खाली पाडलं.

“हे कुठे शिकलात?”

“टीव्हीवर. म्हातारी माणसं दिवसभर दुसरं काय करतात?”

क्लेटन हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं.

नंतर ते दुकानातल्या बाकावर बसले. डार्लीनने न मागता कॉफी आणि अक्रोडासारख्या पीकनच्या गोड पायचे दोन तुकडे आणून ठेवले.

“सांग आता,” ऑर्विल म्हणाला. “घेऊ?”

“रेंजसाठी उत्तम आहे. या किमतीत असा चाप मिळत नाही. पण कमरेला नको. वीट बांधून फिरल्यासारखं होईल. घोडा चढवून, सेफ्टीचा खटका लावून वागवावं लागतं. आणि ऐन वेळी अडकलं तर?”

“माझा जावई म्हणतो, प्लास्टिकच्या सांगाड्याचं हलकं पिस्तूल घ्या.”

“जावयाचं ऐकू नका. माझंही ऐकू नका. पण आज काहीच घेऊ नका.”

ऑर्विल पायचा तुकडा काट्याने नुसता उकरत होता.

“का रे?”

क्लेटनने कॉफीचा कप हातात फिरवला. “घरी गेल्यावर... रात्री कुणी बोलायला असतं का?”

“नाही. बायको होती, लोरेन.” ऑर्विलने काटा खाली ठेवला. “तिने जीव दिला त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी गेली होती. सगळ्यांशी नीट बोलली. ती कशी आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.”

क्लेटनने कप खाली ठेवला.

“मी विचारतोय,” तो म्हणाला. “तुम्ही कसे आहात?”

“आज बरा आहे. तू?”

क्लेटन खिडकीबाहेर बघत राहिला.

“झोप येत नाही,” तो म्हणाला. “बायको मुलांना घेऊन गेली. पण माझं सोडा.”

“सोडलं. तो तुकडा संपव.”

त्याने संपवला. ऑर्विलने स्वतःचा तुकडाही त्याच्याकडे सरकवला. क्लेटनने तोही खाल्ला.

निघताना क्लेटन दारात थांबला. “एक वचन द्या, सर. शनिवारपर्यंत कुठूनही काही विकत घ्यायचं नाही. शनिवारी मी येतो, दुसरी दोन-तीन चालवून बघू.”

“येशील नक्की? मी वाट बघत बसेन.”

क्लेटनने आधी बाहेरच्या पिकअपकडे पाहिलं, मग ऑर्विलकडे.

“येईन.”

“तुझा नंबर दे. नाही आलास तर शिव्या द्यायला फोन करीन.”

क्लेटनने नंबर सांगितला. मग पायरीवरून मागे वळून म्हणाला, “रात्री नऊला मीच करतो फोन. उचला म्हणजे झालं. आता जरा घाईत आहे. कुत्रा बहिणीकडे सोडून आलो होतो, त्याला परत घरी न्यायचंय.”

पिकअप रस्त्याला लागेपर्यंत ऑर्विल आणि डार्लीन खिडकीशी उभी होती.

“करेल फोन?” डार्लीनने विचारलं.

“करेल. मला एकटं सोडायची भीती वाटते त्याला.”

ऑर्विलने शर्टाची बटणं सोडून नीट लावली. मग काउंटरचं फळकूट उचलून आत आला, खिशातून किल्ली काढली आणि पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“सकाळी नाही म्हटल्यावरही तो गाडीत नुसता बसून राहिला, तेव्हा वाटलं, हा जिवाचं काही बरंवाईट करील, मालक,” डार्लीन म्हणाली. “म्हणून तुम्हाला घरून बोलावलं.”