अविराजची नक्कल

अविराजनं उजवा पाय फरफटत स्टेजवर एक चक्कर मारली आणि सगळी सभा हसून लोळली.

"आलं बघा चेअरमन!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. मोबाइल वर झाले.

साखर कारखान्याची निवडणूक होती. चेअरमन मानसिंगराव लहानपणच्या पोलिओनं लंगडायचे. अविराज विरोधी पॅनेलचा वक्ता. आज वरकुट्याच्या सभेत तो खरं तर वजनकाट्यावर बोलायला आला होता. कारखान्याचा काटा उसाचं वजन मारतो, हे सगळ्यांना माहीत होतं. माइकवर कुणी बोलत नव्हतं. बोललं की कारखाना त्याच्या उसाला तोड देत नाही, ऊस रानातच वाळतो.

अविराजची शेजारीण कुशाबाई मात्र बोलायला तयार झाली होती. तिनं ट्रॉली आधी बारामती रोडच्या खाजगी काट्यावर नेली, मग कारखान्यात. मधल्या मधी दोन टन ऊस गायब. नाव घेऊन सांगते, म्हणाली.

सुरुवात अविराजनं काट्यानंच केली. लोक जांभया द्यायला लागले. काही उठलेच. "आरं, त्यो पाय दाखव की! अंथुर्ण्यात दावलास तसा!" अंथुर्ण्याच्या सभेतल्या नकलेचा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. म्हणून त्यानं पाय ओढला. उठलेले परत बसले. मग चालण्यावरून तो बोलण्यावर गेला, बोलण्यावरून मानसिंगरावांच्या लग्नावर.

मग त्यानं कुशाबाईला माइक दिला.

"माझ्या उसाचं वजन..." ती बोलायला लागली.

"मावशे, बस खाली! पाय बघू दे!"

ती थांबली नाही. सगळं बोलली. हशा चालूच होता. माइक परत देताना म्हणाली, "त्याच्या पायानं माझा ऊस खाल्ला न्हाय रं."

"मावशे, लोकं थांबली पायजेत ना," अविराज म्हणाला.

त्यानंतर मानसिंगराव गावोगाव फिरले. प्रत्येक सभेत एकच बोलले. "देवानं दिलेला पाय हाय. हसा. पर मत द्या." बाया पदरानं डोळे पुसायच्या. काट्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. लंगड्या माणसाला अजून काय छळायचं?

मानसिंगरावांचं पॅनेलच्या पॅनेल निवडून आलं.

गुलाल उधळून झाल्यावर मानसिंगराव अविराजच्या दारात चहाला आले. जिंकलेल्यानं हरलेल्याकडं जायचं, अशी रीत. मागं शंभर माणसं. समोरच्या रानात कुशाबाईचा ऊस तुरे काढून उभा होता. आजूबाजूची रानं मोकळी झाली होती. तिच्याकडं कारखान्याची ऊसतोड टोळी फिरकली नव्हती.

"पोरगं हाय," मानसिंगराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या मनात कायबी न्हाय." टाळ्या पडल्या.

अविराज शरमला. वाकून त्यांच्या पाया पडला. त्याच पायांवर. "तात्या, चुकलं माझं."

मानसिंगरावांनी त्याला उठवून मिठी मारली. फोटो निघाले. मिठीतच ते कानाशी बोलले.

"चुकलं कुठं? तुझा व्हिडिओ आमच्याच पोरांनी फिरवला. पुढच्या टायमालाबी पायावरच बोल." मग त्यांनी समोरच्या उसाकडं बघितलं. "त्या दिवशी तुमी समदी हसत हुता. कुशाबाईचं बोलणं फकस्त माझ्या माणसांनी ऐकलं."