काक्षीची वाट

"आता पार म्हातारा झालाय. कधी एकदा जातोय असं झालंय मला," मृण्मयी फोनवर हसत मैत्रिणीला म्हणाली. दोघींना आकाश बघायचं वेड होतं. काक्षी नावाचा तांबूस तारा आपल्या डोळ्यांदेखत फुटावा, ही तिची जुनी इच्छा.

फोन ठेवून ती चहा घेऊन आतल्या खोलीत गेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासरे अंथरुणालाच खिळले होते. त्यांनी कप घेतला नाही.

"माझ्या हातात नाही गं," ते हळूच म्हणाले. "असतं तर तुला एवढं थांबवलं नसतं."

तिला आधी कळेचना. मग तिचे कान तापले. "अण्णा, अहो, मी ताऱ्याबद्दल बोलत होते," म्हणत तिने घाईघाईने सगळं सांगितलं.

ते ओशाळून हसले. "असं होय. मग मलाही दाखव की."

एरवी त्यांना तिचा नवरा उचलायचा. आज तो गावाला गेला होता. तिने बळ एकवटून हात घातले, तर ते लहान मुलासारखे सहज उचलले गेले. इतके हलके कधी झाले, तिला ठाऊकच नव्हतं.

गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते कौतुकाने आकाश बघत राहिले. "कुठला गं तो?" त्यांनी विचारलं.

तिला मान वर करवेना.