किती दिवस लागतील?

“हे सगळं काम तुमच्या हातात यायला किती दिवस लागतील?”

“एक आठवडा,” ती म्हणाली. विचार करावा लागला नाही. वर्षभर मुलाखती देऊन देऊन उत्तरं आता आपोआप बाहेर पडत. दिवस कमी सांगायचे आणि सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढं ती शिकली होती.

समोरचा इंजिनिअर पन्नाशीकडे झुकलेला होता. तासभर त्याने तिच्याकडून फळ्यावर प्रोग्रॅम लिहून घेतला होता. ती अडली तेव्हा घाई न करता थांबला होता. आता तो उठला, मार्कर घेऊन फळ्याकडे वळला आणि चौकोन काढू लागला. खोलीच्या भिंती काचेच्या होत्या.

“तुमचं नाव मी पुढे पाठवतोय. ते पक्कं,” तो फळ्याकडेच बघत म्हणाला. “आता सांगतो त्याचा त्याच्याशी संबंध नाही. मॅनेजरही तुम्हाला हेच विचारतील. आठवडा म्हणू नका.”

“जास्त होतो का?”

“कमी होतो.” त्याने दोन चौकोन बाणाने जोडले. “हे काम माझं आहे. नव्या माणसाला ते समजावून दिलं, की मी घरी. तुम्ही आठवडा म्हणालात तर मला आठवडा. मुलीची परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. तोवर रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडता आलं, तर बरं.”

“घरी सांगितलं नाहीत?”

“नाही.” त्याने चौकोन पुसले. “बळजबरी नाही हं. तुमच्याही पोटापाण्याची गोष्ट आहे.”

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं अजून प्रोग्रॅमच सोडवतायत. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. तिने पर्स उचलली आणि ती बाहेर येऊन बसली.

बाहेर सोफ्यावर नेहमीचीच मंडळी होती. एकाच कामासाठी फिरणारी माणसं शेवटी त्याच त्या सोफ्यांवर भेटतात. त्यांच्यातला दाढीवाला पोरगा या फेरीतून मघाशीच पार होऊन मॅनेजरच्या बोलावण्याची वाट बघत होता.

“या मॅडम, या. आता आपण एकमेकांना घरच्या लग्नाला बोलवायला हरकत नाही.”

“आधी नोकरी लागू दे. अहेर कशातून करू?”

तो हसला. ती हसल्यासारखी झाली. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीत पातळ पार्टिशनपलीकडून तिने त्याचं उत्तर ऐकलं होतं. “दोन दिवस द्या सर, तिसऱ्या दिवशी काम दाखवतो.” त्याच्यापुढे तिचा आठवडासुद्धा लांबलचक होता. मग तीन महिने म्हणणाऱ्या बाईला कोण उभं करणार?

तिने फोन पाहिला. नवऱ्याचा मेसेज होता, “जेवायला घरी आहेस ना?” मुलाखत कशी झाली, हे विचारणं त्याने केव्हाच सोडलं होतं. त्याखाली नणंदेचा मेसेज. “वहिनी, सोमवारी नक्की सांग गं. काउंटरवर माणूस लागणारच आहे, नाहीतर दुसरं कुणी बघते.” नणंदेचं चपलांचं दुकान होतं. यंदा शेवटच्या फेरीपर्यंत ती फक्त इथे पोचली होती. इथे जमलं नाही तर सोमवारपासून लोकांच्या पायांची मापं. त्याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं.

दाढीवाल्याला बोलावणं आलं. तो आत गेला आणि लगेचच बाहेर आला.

“काय विचारलं रे?”

“नेहमीचंच,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने बॅग खांद्याला लावली आणि निघून गेला. गंमत नाही की टोमणा नाही. याचं काम झालेलं दिसतंय, तिला वाटलं. आत काय विचारलं ते कुणी खरं सांगत नाही, तीही कधी सांगत नसे.

मग तिचं नाव पुकारलं गेलं.

मॅनेजर तिच्यापेक्षा लहान होता. त्याने पाणी विचारलं, तिच्या कामाबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, मान डोलावली. “छान. आता शेवटचं. आमच्या माणसाकडून काम शिकून घ्यायला किती दिवस लागतील? आम्हाला जरा घाई आहे.”

तोंड उघडलं तेव्हाही आठवडाच म्हणायचा तिचा विचार होता.

“तीन महिने,” ती म्हणाली.

“तीन महिने?”

“हो. त्याच्या आत नाही जमायचं.” आवाज तिचाच होता, पण दुसऱ्याच कुणी बोलल्यासारखा तिने तो ऐकला. संपलं, तिने मनाशी म्हटलं. नणंदेला आजच कळवून टाकावं, सोमवारची वाट तरी कशाला बघायची?

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. तो चिडलेला नव्हता, बुचकळ्यात पडला होता.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “सकाळपासून जो येतोय, तो तीनच महिने म्हणतोय.”